तिसऱ्या मजल्याची हमाली

वाकडच्या फ्लॅटवर भाजी मागवली, तर बिलात ‘हँडलिंग चार्ज’ दिसला. मी मुकाट्याने पैसे भरले आणि मला संत तुकाराम नगरचा जिना आठवला.

मी सहावीत असताना आम्ही तिथे राहायला गेलो. टेम्पोवाल्या काकांनी तिसऱ्या मजल्याची हमाली वेगळी मागितली.

“अहो दादा, ही तर लूट झाली!” आई भर रस्त्यात म्हणाली.

“ताई, एक टोक धरून बघा. मग सांगा लूट कुणाची ते.”

आईने खरंच पदर खोचला आणि लोखंडी कपाटाला हात घातला. समोरच्या गॅलरीतून माझ्या शाळेतली मुलगी बघत होती. मी शरमेने टेम्पोमागे लपले. तिथे डिझेलचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. थोड्या वेळाने जिन्यातून धापा टाकणाऱ्या आईचा आवाज आला, “ठेवा, ठेवा! बरोबर आहे तुमचं, दादा.” काकांनी मागितली तेवढी हमाली तिने दिली, वर चहाही.

तेव्हा मला वाटलं, आई सगळ्यांसमोर हरली.

आज माझी पिशवी सातव्या मजल्यावर कुणी आणली, ते मी पाहिलंही नाही. ‘दाराबाहेर ठेवा’ असं मीच लिहिलं होतं.