मामांची चोरीची बाग

आमच्या हिच्या मामांइतका प्रामाणिक चोर अख्ख्या पनवेलमध्ये झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. चोरी फक्त झाडांची. विकतचं रोप रुसतं, मागून आणलेलं मरतं, गुपचूप आणलेलं तेवढं जगतं, ही त्यांची श्रद्धा. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केल्यामुळे कुठल्या गावात कुणाच्या कुंपणाला काय फुलतं हे त्यांना बसच्या वेळांसारखं पाठ होतं. खिशात ओला रुमाल, पिशवीत रिकामा डबा आणि चेहऱ्यावर लग्नाचा हॉल शोधत असल्याचा भाव, अशी त्यांची स्वारी निघायची. एकदा मोरा बंदराजवळ मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईने त्यांना अबोलीची फांदी मोडताना पकडलं. "ओ मामा, मागितली असती तर मी काय नाय बोलले असते?" ती म्हणाली. मामांनी फांदी तिच्या हातात ठेवली. "आता तुम्ही बघितलंत. ही जगायची नाही," म्हणाले, आणि तोंड पाडून घरी आले.

काही झाडं नुसत्या फांदीने लागत नाहीत, त्यांना गुटी बांधावी लागते. फांदीची साल सोलायची, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक आवळायचं आणि मुळं फुटली की कापून आणायचं. मामा ही गुटी सरळ दुसऱ्याच्या झाडाला बांधून यायचे. मग दोन महिने रोज त्या रस्त्याने फिरायला जायचं आणि ती सुखरूप आहे ना, हे बघायचं. एवढ्या सवडीने चोरी करणारा माणूस पोलिसांनीही पाहिला नसेल.

अशा मालावर आमच्या सोसायटीच्या मागे, पाण्याची टाकी आणि भिंत यांच्यामधल्या डेब्रिजच्या पट्ट्यात, मामांनी बाग उभी केली. रविवारी बिल्डिंगमधली मुलं तिथे कलम करायला शिकायची आणि सोमवारी आपापल्या घरच्या कुंड्यांची वाट लावायची. पण गाड्या वाढल्या, आणि मीटिंगमध्ये त्या जागेवर पार्किंगचा ठराव आला. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हे. तो म्हणाला, "गावातला तो बागप्रेमींचा क्लब आहे ना, तो सोसायट्यांच्या बागांना आणि मुलांना बागकाम शिकवायला अनुदान देतो. ते आणा, बाग ठेवू. नाहीतर दिवाळीनंतर पेव्हर ब्लॉक." पुढचे दोन दिवस मामा नीट जेवले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

अर्ज मी भरला. ऑफिसात जन्म गेल्यामुळे उद्दिष्टं वगैरे मला झोपेतही लिहिता येतात. 'रोपे कोठून मिळवली' या रकान्यात मी 'स्थानिक नर्सरी' असं लिहिलं. मामांनी ते खोडलं. "खोटं लिहायचं नाही. मी मुलांना शिकवतो," म्हणाले. वर स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात चार पानांची यादी जोडली आणि मला न दाखवता अर्ज देऊनही आले.

पाहणीच्या दिवशी क्लबच्या अध्यक्षबाई आल्या. बागेत उभ्या राहून त्यांनी यादी मोठ्याने वाचायला घेतली. "जास्वंद. पळस्पे फाट्याजवळचं घर. कुंपणातून हात घालून." सेक्रेटरीने कपाळावर हात मारला. बाई पुढे वाचत गेल्या आणि एकदम थांबल्या. "कवठी चाफा. तळ्यामागचा पिवळा बंगला. गुटी बांधून. मालकीणबाई दुपारी दोन ते चार झोपतात."

"तो बंगला माझा आहे," बाई म्हणाल्या.

मला बागेच्या जागी पेव्हर ब्लॉक दिसायला लागले. बाई मात्र सरळ त्या चाफ्याकडे गेल्या. एक फूल उमललेलं होतं. ते त्यांनी न तोडता नाकाशी धरलं. "सासूबाईंनी लावलेला. कंपाउंडची भिंत बांधताना मुळं तुटली आणि गेला. मला वाटलं होतं, कुठेच उरला नाही." मग त्या म्हणाल्या, "मला याची एक फांदी द्याल?"

"देणार नाही," मामा म्हणाले. सगळे हबकले. "दिलेली जगत नाही, बाई. गुटी तुमची तुम्ही येऊन बांधा. मी पण दुपारी दोन ते चार झोपतो."

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. अनुदान मिळालं! शाळांतल्या मुलांसाठी तिथेच एक रोपवाटिका काढायलाही मिळालं, सेक्रेटरीने स्वतः नारळ फोडला आणि मामांना त्या दिवशी मुलांनी खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

पण या विजयाने मामांचं एक नुकसान झालं. गावभर नाव झालं. आता कुठल्याही फाटकाशी गेले की लोक म्हणतात, "या ना मामा, हवं ते तोडा." मामा रिकामा डबा घेऊन परत येतात. "सगळेच द्यायला लागले तर मी जायचं कुठे?" असं मला परवा विचारत होते. मला फार वाईट वाटलं. म्हणून हल्ली मी आमच्या तळमजल्याच्या खिडकीबाहेर जाईची कुंडी ठेवली आहे. मामा आले की मी आत जातो. बोटांत पूर्वीचा जोर नाही त्यांच्या आता, फांदी मोडायला वेळ लागतो. कट्कन आवाज येईपर्यंत मी पडद्यामागे उभा राहतो आणि खोकलासुद्धा दाबून धरतो.