महालक्ष्म्यांभोवतीची आगगाडी

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झालेली. पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरात आम्ही वेगळा संसार मांडला होता, आणि त्यात मला एक सवत होती. पत्र्याची.

आमचे हे सांधेवाले. दिवसभर खऱ्या गाड्यांचे सांधे बदलायचे आणि घरी आले की पुढच्या खोलीत, जमिनीवर फळ्या मांडून, छोटी आगगाडी करत बसायचे. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे रूळ, काडीपेट्यांचे डबे, चाकांना माझ्या दोऱ्याची रिळं. निम्मा दोरा असताना रीळ उचलायचे, गुंता माझ्या माथी. माझ्याशी बोलणं म्हणजे "पाणी दे" नाहीतर "येतो". त्या पत्र्याच्या इंजिनाशी मात्र तासन्‌तास चालायचं, "थांब बाबा, जरा सरक." इतक्या मायेनं मला कधी कुणी सरक म्हटलं नव्हतं. मेलं ते इंजिन डोळ्यांसमोर नको व्हायचं.

त्या साली महालक्ष्म्या पहिल्यांदाच माझ्या घरी बसणार होत्या. तोवर सगळं पेडगावला, मोठ्या जावेकडं. आरास तिची, कौतुक तिचं, मी आपली पुरण वाटायला. आता हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी माझं नाव काढावं, एवढंच मनात होतं. फळ्या काढा म्हणून घसा कोरडा केला. हे म्हणायचे, "पिंगळीचं ठेसन तेवढं होऊ दे."

मग मीच डोकं चालवलं. हे ड्यूटीवर गेले आणि मी रुळांच्या वेढ्याच्या आत, मधोमध, दोन्ही महालक्ष्म्या उभ्या केल्या. एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत हलवायच्या नाहीत. आता देवीपुढं गाडी कोण खेळवतो, बघू! जिंकल्यासारखं वाटलं मला.

हे आले, चपला काढल्या, हात जोडले.

"आता हलवता येत न्हाईत," मी बजावलं.

"कशाला हलवायच्या? लय बेस बसल्यात," म्हणाले, आणि इंजिनालाही कुंकू लावलं.

संध्याकाळी काळ्या दोऱ्यानं ओढलेली गाडी देवींभोवती फिरायला लागली. सगळी कॉलनी लोटली. माझ्या सोळा भाज्या, पापुद्रे सुटलेल्या करंज्या, देवींच्या साड्यांच्या निऱ्या, कुणी ढुंकून बघेल तर शपथ. जी ती म्हणे, "भाऊजी, आणखी एक फेरी." हे तोंडानं शिट्टी वाजवायलेत, बायका टाळ्या पिटायल्यात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. आपल्याच हातानं मी त्या गाडीला मखर करून दिलं होतं.

शेजारची म्हातारी वाकून रुळांकडेच्या चिमुकल्या बाहुल्यांचं एकेक विचारत होती. हा कोण? झेंडीवाला. ही? फाटकापाशी शेरडं घेऊन थांबलेली बाई.

"आन तुजं घर कुठलं रे बाबा?"

ह्यांनी कडेच्या काडीपेटीवर बोट ठेवलं. पिवळा रंग दिलेला, दार लावलेलं.

"आन बायको?"

"आत हाय. सैपाक करायलीय."

सगळ्या खळखळून हसल्या. मी करंज्यांचं ताट धरून दारात उभी होते. हसले मीही, काय करणार. पण जीव नुसता जळत होता. त्या नखाएवढ्या शेरडांना ह्यांनी शिंगंसुद्धा केली होती.