मिरचीच्या हातांनी दिलेला गूळ

हसनाबादच्या शिवारात मिरची तोडणीला आली की आमच्या घरात एक नियम असतो. तोडून आलेल्या बाईनं तेल-पीठ चोळून हात धुवायचे, आणि तरीही दिवस मावळेपर्यंत लेकराला हात लावायचा नाही. धुतलेल्या हातातही तिखट राहतं. हा नियम मला माझ्या मोठ्या जावेनंच शिकवला. त्यामुळे मी जे केलं ते अजाणता झालं, असं म्हणायची सोय नाही.

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याला थुंकायची खोड होती. एकदा तो जावेच्या पदरावर थुंकला. तिनं हिरवी मिरची मोडली आणि त्याच्या ओठांवर घासली. "आता बिलकुल थुंकणार न्हाई," म्हणाली. मी चुलीपुढं, तवा उतरवायचं फडकं हातात घेऊन बसले होते. उठले नाही. पोरगं जीभ बाहेर काढून रडत होतं आणि बघत होतं माझ्याकडं, तिच्याकडं नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी गोड बोलत आले. पंचवीस वर्षं.

मग तिला नातू झाला. दोन वर्षांचा झाल्यावर त्यालाही तीच खोड लागली, आणि मला देव पावल्यासारखं झालं.

त्याची आई, म्हणजे जावेची सून, हळू बोलणारी. तो थुंकला की ती ओरडायची नाही आणि हसायचीही नाही. त्याच्यासमोर खाली बसायची. "थुंकायचं न्हाई. पुसून घे." फडकं त्याच्या हातात. तो पुसेपर्यंत बसून राहायची. दिवसातून दहा वेळा झालं तरी तेच शब्द, तोच आवाज.

"असं फडकं फिरवून पोरं सुधरत्यात व्हय?" जाऊ म्हणायची. "एक डाव मिरची लाव, बराबर ध्यानात राहील."

"आत्याबाई, मिरची न्हाई. लावली तर मी लेकराला घेऊन जालन्याला जाईन." तिचा नवरा तिथं बियाण्यांच्या कंपनीत होता.

हे मी ऐकून ठेवलं.

फडक्यानं थुंकणं कमी व्हायला लागलं. ते मला चालणार नव्हतं. आमचं अंगण एकच, दारं समोरासमोर. लेकरू माझ्या दारात आलं की मी कानात सांगायची, "आज्जीला थू कर बरं." करून आला की गुळाचा खडा. माझीही शिस्तच होती: मायेनं, न चुकता, दर वेळी.

सून कोड्यात पडली. "काकू, हा आता माझ्यावर थुंकत न्हाई. आत्याबाईंवरच का थुंकून राह्यलाय?"

"लेकरांना माणूस कळतं, बाई," मी म्हणाले.

त्या दिवशी मी दुपारी मिरची तोडून आले होते. जाऊ अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसलेली. लेकरू सरळ जाऊन तिच्या तोंडावर थुंकलं आणि धावत माझ्या घरात आलं, तोंड उघडून. मला हसू आवरेना. त्याच तिखट बोटांनी गुळाचा खडा त्याच्या जिभेवर ठेवला.

तो किंचाळत अंगणात पळाला. सून आतून आली तेव्हा त्याचे ओठ लाल झालेले, आणि समोर जाऊ, हातात मिरची.

"मी न्हाई लावली गं!" जाऊ म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "धाकले, तू तरी सांग की हिला."

"मी आत होते, आक्का. मला काय दिसणार?"

सुनेनं त्याच्या ओठांना तूप लावलं. दुसऱ्या दिवशी ती जालन्याला गेली. त्यानंतर सणासुदीला यायची, पण लेकरू जावेच्या मांडीवर द्यायची नाही. जाऊ रिकाम्या मांडीनं ओट्यावर बसून राहायची. खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटायचं. दोन वर्षं जेवण गोड लागलं.

या दिवाळीला मी त्याला करंजी दिली. त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली.

त्याच दुपारी सुनेला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर मीही ओरडले असते. ती माझ्यासमोर खाली बसली. "काकू, तुम्हीच जाऊन सांगा त्यांना. मी इथं बसते." तोच आवाज.

मी गेले, सांगितलं. गुळासकट.

जावेनं एवढंच विचारलं, "किती दिवस शिकवत व्हतीस त्याला?"

"दोन महिने."

सुनेनं लेकरू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. चार वर्षांचा झालेला, तिची ओळख तुटलेली. तो बावरला आणि थुंकला. बाजूला वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. आणि हेही लिहून टाकते: तिचा हात मिरच्यांकडंच जावा, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

हात गेला खांद्यावरच्या फडक्याकडं. "थुंकायचं न्हाई, राजा. पुसून घे." तो पुसेपर्यंत ती थांबली. सुनेपेक्षाही जास्त वेळ.

माझ्या लेकराच्या वेळी कुठं होतं हे फडकं, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या दिवशी फडकं माझ्या हातात होतं.