विमानात न गेलेली खोबऱ्याची वाटी

रविवार, यंदाच्या संक्रांतीनंतरचा. हजर: आई, कन्नड गावाहून आलेली आत्या, धाकटी बहीण आणि मी.

बहिणीचे यजमान दिवाळीच्या तोंडावर बेंगळुरूत अचानक गेले. तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. आता ऑफिसने बोलावलं म्हणून एकटी परत निघाली. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. तिची बॅग मीच भरली होती, वजनही करून ठेवलं होतं.

माहेराहून निघणाऱ्या मुलीची आमच्याकडे ओटी भरतात. खण, तांदूळ, हळकुंड, सुक्या खोबऱ्याची वाटी. नवरा गेलेल्या बाईची भरत नाहीत. आई देवघरापाशी घुटमळायला लागली तशी आत्या म्हणाली, "वहिनी, नुसतं दही ठेवा तिच्या हातावर. उगं उशीर होतोय."

आईने दही ठेवलं. आम्ही निघालो.

चिकलठाण्याला बहीण विमानतळाच्या आत गेली. मी गाडीत बसून गॅसचं बुकिंग उरकलं. मग तिचा फोन आला. "ताई, दाराशी ये. बॅग उघडायला लावली."

काचेच्या दारात ती खोबऱ्याची वाटी घेऊन उभी होती. शेजारी बंदूकवाला जवान.

"सूखा नारियल अलाउड नहीं है मॅडम. तेल होता है, आग पकड़ता है. फेंकना है तो उधर डब्बा है."

"साड्यांच्या खाली होतं," बहीण म्हणाली. "सगळी ओटी. रुमालात बांधलेली. तू ठेवलीस?"

"नाही."

"मग आईनंच."

मागून कुणाची तरी ट्रॉली आली, जवानाने आम्हाला बाजूला केलं.

"सामान तपासणारी पोरगी हसत होती," बहीण सांगायला लागली. "म्हणाली, लग्नसराईत रोज निघतंय हे खोबरं. नवीन लग्न का हो ताई?"

"मग?"

"हो म्हटलं."

"बरं केलंस," मी म्हणाले.

"बाकीची ओटी नेतेय मी. एवढंच जात नाही. फेकू नकोस." वाटी माझ्या हातात देऊन ती वळली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मी पार्किंगची पावती शोधायला लागले.

घरी आईने विचारलं, "बॅग गेली का गं नीट?"

"गेली."

आत्या तिथेच मेथी निवडत बसली होती, म्हणून पुढे बोलले नाही. आईनेही विचारलं नाही. पोळ्या गरम आहेत, जेवून घे म्हणाली.

ओटीतलं खोबरं माहेरी ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी गुलमंडीतल्या कुरिअरवाल्याला विचारलं, तर गाडीने जाणाऱ्या पार्सलात चालतं म्हणाला. डब्यात घालून पाठवून दिलं. मिळालं, असा बहिणीचा मेसेजही आला. आत्या कन्नडला परत गेली.

सकाळी आई आणि मी चहाला समोरासमोर बसतो. बॅगेचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. तिने भरलेली ओटी बहिणीने नेली, हे आईला सांगायचं अजून राहिलं आहे.