उतरत्या दांड्यांची सायकल

आमच्या पडवीत एक जुनी सायकल भिंतीला टेकून उभी आहे. भंगारवाला महिन्याला एकदा येतो, तिच्याकडं बघतो आणि म्हणतो, "बाबा, गंजून चाललीय, देऊन टाका की." मी म्हणतो, "आधी मला ने, मग तिला ने." तो हसतो आणि पुढच्या घरी जातो. पुढच्या महिन्यात परत येतो.

बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. ती मास्तरीण होती. मी चौथी पास, तेसुद्धा मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. मी खताच्या गोण्यांची यादी लिहिली तरी ती लाल पेन घेऊन बसायची. आता या लिखाणात काना-वेलांटी चुकली असेल तर मला बोलू नका. तपासणारी न सांगता निघून गेली, तिला बोला.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची. लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमचं गाव तिसगावपासून आत, माळावर. तिला शाळा मिळाली ती पाच मैलांवरच्या वस्तीवर. मधे मुरमाचा रस्ता आणि एक चढ. एस.टी. एकच होती आणि ती आपल्या मर्जीनं यायची. महिन्याभरात तिला दोनदा उशीर झाला. तिथल्या हेडमास्तरांनी बजावलं, "बाई, तिसऱ्यांदा उशीर झाला की मी वर लिहिणार. मग बदली होईल अकोल्याला."

अकोलं म्हणजे आमच्या नगर जिल्ह्याचंच दुसरं टोक. आमच्याकडून निघालं तर दिवस मोडायचा. डोंगर, पाऊस, आणि तिकडं तिला खोली करून एकटीनं राहावं लागणार.

तिनं घरी येऊन सांगितलं आणि वर म्हणाली, "बरंच होईल. तिकडं भात पिकतो. रोज भात खाईन. तुमची बाजरी तुम्हालाच राहू द्या."

"भातानं पोट भरतं व्हय?" मी म्हणालो.

खरं म्हणजे मला म्हणायचं होतं की तू जाऊ नको. पण आमच्यात नवरे असलं बोलत नसत. मी म्हणालो, "सायकल करतो."

तेव्हा नवी कोरी सायकल आणणं वेगळं आणि सायकल 'करणं' वेगळं. करणं म्हणजे एकेक सामान बघून, वाजवून, फिरवून घ्यायचं आणि मिस्तरीपुढं बसून जोडून घ्यायचं. मी तिला सांगितलं, "अशी सायकल करतो की एकही काम अडणार नाही. तू बसशील, दूध जाईल, पेंडीचं पोतं येईल, कडबा येईल."

ती म्हणाली, "मला शाळेत जायचंय. बाजार समिती काढायची नाही."

मी ऐकलं नाही. नगरच्या जुन्या बाजारात तीन खेपा मारल्या आणि डबल दांडीची फ्रेम आणली. साध्या सायकलला वरती एक आडवी दांडी असते, हिला दोन, एकीखाली एक. दूधवाले तसली वापरायचे. पुढचं चाक धरणारा चिमटा जाड बघितला, त्याला आधाराच्या सळया घातल्या. रिमा जड घेतल्या, तारा जाड घेतल्या. कॅरिअर दुकानातलं पसंत पडेना, म्हणून लोहाराकडून लोखंडी पट्टीचं बनवून घेतलं. स्टँड दोन पायांचा. सीट चामड्याची, खाली मनगटाएवढी स्प्रिंग.

तिसगावच्या मिस्तरीनं सगळं सामान पोत्यावर मांडलं. म्हणाला, "पाव्हणं, बसणाराची उंची किती?"

"डोळं फुटलं का? म्होरं हुबा हाय की."

"मी आपलं इचारलं," असं म्हणून त्यानं पाना उचलला. हा प्रश्न ध्यानात ठेवा. मी ठेवला नाही.

मागच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे चाकाच्या दातेरी चक्रावर, आमचं अडलं. मी अठरा दातांचं मागितलं, कारण पळणारी सायकल अठराचीच असते असं चार जण सांगायचे. बायको बाजाराची पिशवी घेऊन उभी होती. तिनं पुढच्या चक्राचे दात बोटानं मोजले.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "अहो, मागं बावीस घाला. पायडल एकदा फिरलं की चाक दोनदा फिरेल. अठराला जवळजवळ अडीचदा फिरतं. तेवढं चाक चढावर फिरवायला जोर कुणाचा लागणार?"

"माझा."

"तुमचा जोर मला ठाऊक आहे. बावीस घाला."

मिस्तरी चाकाचा आऊट काढत होता. खडूचा तुकडा रिमेला लावून चाक फिरवायचा आणि जिथं रेघ उठली तिथली तार आवळायचा. हसू आवरेना म्हणून त्यानं मान आणखी खाली घातली. मी बावीस दातांचं घेतलं, पण घेताना सांगितलं की हे माझंच मत होतं.

दसऱ्याला आमच्याकडं औतं, विळे, खुरपी सगळं धुऊन पुजतात. त्या वर्षी सायकल त्या रांगेत उभी राहिली. आईनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ हँडलला घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि विचारलं, "ह्ये काय रं, सायकल हाय का रेडा?" तेव्हापासून तिचं नावच रेडा पडलं.

दसऱ्यानंतर रोज सकाळी मी पुढं आणि ती मागं कॅरिअरवर, मांडीवर पिशवी, पिशवीत हजेरीपट. चढावर मी उभा राहून पायडल मारायचो. ती मागून विचारायची, "उतरू का? की रेड्याला वैरण टाकू?" पण वेळेवर पोचायचो. महिनाभर एकदाही उशीर झाला नाही. मला वाटलं, अकोलं मिटलं.

मग ज्वारीच्या खुरपणीचे दिवस आले. एका सकाळी गुरांची पेंड संपली होती, म्हणून मी उजाडताच तिसगावला गेलो. तासाभरात येतो म्हणालो होतो. दुकान उघडलं उशिरा, पोतं होतं दोन मणाचं. घरी आलो तर ती वेशीत उभी, पिशवी खांद्याला, डोळे रस्त्याकडं. पोतं तिथंच टाकलं, तिला बसवलं आणि फेफरं येईस्तोवर पायडल मारलं. तरी घंटा होऊन गेली होती. हेडमास्तर दारात. त्यांनी घड्याळ बघितलं, माझ्या घामाकडं बघितलं आणि म्हणाले, "हा तिसरा मी लिहीत नाही. पण चौथा मला लिहावाच लागेल."

संध्याकाळी आणायला गेलो तर येताना तिनं रेड्याच्या वैरणीचं नाव काढलं नाही. मला तेच लई झोंबलं. ती चिडवायची थांबली की समजायचं, काहीतरी मोठं आहे. घरी आल्यावर ती सायकलपुढं उभी राहिली.

"ही दूध नेते, पेंड नेते, कडबा नेते," ती म्हणाली. "फक्त मला नेत नाही. मला तुम्ही नेता. तुम्ही नसला की ही नुसती उभी."

"मग काय करू?"

"मला शिकवा."

मी दोन दांड्यांकडं बघितलं, मग तिच्या लुगड्याकडं बघितलं. तेव्हा मला मिस्तरीचा प्रश्न आठवला. बसणाराची उंची किती! मी पोत्याचं माप घेतलं होतं, दुधाच्या कॅनचं घेतलं होतं, कडब्याच्या पेंढ्यांचं घेतलं होतं. जिच्यासाठी सायकल केली तिचं तेवढं घेतलं नव्हतं. गावातल्या कुठल्याही गड्यानं तेच केलं असतं, हे खरं. पण त्यानं मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल मिस्तरीपुढं नेली. "दोन्ही दांड्या काप," मी म्हणालो.

"पाव्हणं, याड लागलं का? एवढी हुडकून आनलेली फ्रेम!"

"काप म्हनतो ना."

"बसणार कोन?"

"मालकीणबाई."

मिस्तरीनं बिडी विझवली. "मी तवाच इचारलं हुतं," म्हणाला आणि करवत घेतली. करवतीचा तो आवाज माझ्या दाढेत बसला. त्यानं दोन्ही दांड्या काढल्या, पुन्हा तिरप्या, पुढून मागं उतरत्या लावल्या, भट्टी पेटवून पितळेचा डाग दिला. सीट खाली घेतली आणि पायडलना लाकडाचे ठोकळे बांधले, कारण तिचा पाय पोचत नव्हता.

शिकवणी गावाबाहेरच्या माळावर. मी सीट धरून मागं पळायचो. ती ओरडायची, "सोडू नका!" आणि सोडलं नाही तर, "सोडा की आता!" तिसऱ्या दिवशी ती सरळ बाभळीत गेली. मी काटे काढायला बसलो तर म्हणाली, "ब्रेक जड घेतलेत तुम्ही. तेही स्वतःच्या हाताच्या मापानं." दहाव्या दिवशी मी धरलेलं नाही हे तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी लांब उभा होतो आणि ती चढ चढत होती. बावीस दातांवर, न उतरता.

ती एकटी शाळेत गेली त्या दिवशी पारावरच्या माणसांनी माना वळवल्या. एक जण आईला म्हणाला, "सूनबाई सायकलीवर?" आई म्हणाली, "मंग काय तुझ्या डोक्यावर बसावं का तिनं?" तिथून पुढं कुणी विचारलं नाही. हेडमास्तरांच्या आधी ती शाळेत पोचायला लागली. अकोल्याचं नाव परत निघालं नाही.

आणि गंमत बघा. दांड्या उतरल्यामुळं मधे खोलगट जागा झाली. त्यात पोतं असं बसायचं की हलायचं नाही. पुढं दुष्काळात पाण्याचे डबेही तिथंच ठेवून आणले. सगळ्या कामाची सायकल झाली ती कापल्यावर. मला मात्र ती फक्त रविवारी मिळायची, तीही विचारून.

आता तिची सीट आहे तिथंच आहे. मी बसलो तर गुडघे हँडलला लागतात. वर घ्यायची तर एक नट ढिला करायचा, एवढंच काम. अजून केलेलं नाही. आता गेली ती अकोल्याला गेली असती, तर एस.टी. धरून तिच्याकडं जाता तरी आलं असतं.

गेल्या दसऱ्याला मी सायकल धुतली, माळ घातली. चेन पुसताना मागचे दात मोजले. एकदा एकवीस भरले, एकदा तेवीस. बावीस आहेत हे मला माहीत आहे, तिनंच घालायला लावले होते. तरी परत मोजायला बसलो.