डोरिसबाईंचे पाय आणि टेंबेकाकांचा डबा

टेंबेकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातावर एक छोटा काळा डबा ठेवला. नागपूरहून अमेरिकेतल्या कॅरीला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. ऑफिसच्या पहिल्या दिवशी कुणीतरी मराठी माणूस खायला देतोय, असं समजून मी झाकण शोधू लागले. काका शांतपणे म्हणाले, "अगं, उघडू नकोस. तो कॉम्प्युटर आहे. आत फारसं काही नाहीच, हीच तर गंमत आहे."

श्री. अरविंद टेंबे यांची षष्ट्यब्दी साजरी होत असताना त्यांच्याविषयी लिहायचं, तर या 'थिन क्लायंट'ला वगळून चालणार नाही. त्याला हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. सगळं काम दूरच्या सर्व्हरवर होतं आणि हा डबा ते पडद्यावर दाखवतो. टेबलांखालचे घरघरणारे जुने टॉवर काढून सगळ्यांना हे डबे द्यावेत, हा काकांचा ध्यास होता. काकू म्हणत, "लग्नात माझंसुद्धा इतकं कौतुक केलं नव्हतं हो यांनी."

काकांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नसेल. मला ड्रायव्हिंग शिकवताना त्यांच्या गाडीनं, म्हणजे मीच, शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी केली. तेव्हाही ते "ब्रेक डावीकडे असतो, बरं का" एवढंच म्हणाले.

ट्रायलसाठी आम्ही अकाउंट्स विभागात डबे बसवले. ती फसली असती तर माझं कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल झालं असतं, आणि त्याच्यामागोमाग व्हिसा. दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुख डोरिसबाईंची तक्रार आली: मशीन स्लो आहे. काकांनी तपासलं, तर ते जुन्यापेक्षा जलद होतं. तरी रोज तक्रार. प्रेशर कुकर कुणाला देऊन जावा, याचा मी विचार करू लागले.

काकांनी वाद घातला नाही. डोरिसबाईंची परवानगी घेऊन अर्धा दिवस ते त्यांच्याच खुर्चीत बसून काम करत राहिले. मग मला बोलावलं.

"इथे बस. बूट काढ. काय वाटतं?"

"पाय गार पडले, काका."

"बघ. मशीन स्लो नाहीये. आपण टॉवर काढला, त्याच्याबरोबर बाईंची शेगडीही गेली."

खरंच, छतातल्या एसीचा झोत नेमका त्या टेबलाखाली येत होता. जुना टॉवर वर्षानुवर्षं बाईंच्या पायांवर गरम वारा सोडत होता. ऑफिसात हीटर लावायला बंदी, आणि पाय गारठतात हे सांगायला बाई मानी. झोत वळवायला सांगितलं, तर मेंटेनन्सवाले म्हणाले, बघू. काका घरी गेले आणि सोमवारी काकूंनी विणलेले हळदी रंगाचे लोकरी मोजे घेऊन आले. बाईंनी थँक्यू म्हणून ते ड्रॉवरमध्ये टाकले. संपलं, असं मला वाटलं.

शुक्रवारी निकालाची मीटिंग होती. मॅनेजरनं विचारलं, "डोरिस, ठेवायचे की परत पाठवायचे?" बाई चष्मा पुसत बसल्या. माझ्यानं त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी मान खाली घातली. टेबलाखाली दोन हळदी पाय एकमेकांवर आरामात पहुडले होते. वरून आवाज आला, "ठेवा. चांगलं चालतंय." मला रडू आलं आणि काका मात्र वायर गुंडाळत राहिले.

पुढे अख्ख्या अकाउंट्सला मोजे हवे झाले. काकूंच्या सुयांना उसंत राहिली नाही. माझा कुकर अजून माझ्याच ओट्यावर शिट्ट्या देतो आहे.

डब्यात हलणारा भागच नाही, म्हणून तो बिघडत नाही, असं काका अभिमानानं सांगतात. स्वतः ते एका जागी घटकाभर बसत नाहीत. ते असेच हिंडते-फिरते राहोत, त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हीच प्रार्थना. एक तक्रार मात्र आहे. साऱ्या ऑफिसला मोजे वाटणारे काका घरी हिवाळाभर अनवाणी फिरतात. म्हणून काकूंकडून शिकून मी एक जोडी विणली आहे. डावा मोजा जरा मोठा झालाय. काकांनी सांभाळून घ्यावं, त्यांना माझी सवय आहे.