डाव्या सीटवरचं पोतं

जिवंत माणसांपेक्षा वाळूच्या पोत्याला जास्त मान देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे मामेसासरे. चाकणच्या एका कारखान्यात मामांनी जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासले. निवृत्त होऊन चिंचवडला आले तरी खोड गेली नाही. रिक्षातून उतरताना ते रिक्षावाल्याला मागचे ब्रेक-लायनर बदलायला सांगत, वरातीत नवरदेवाच्या गाडीखाली वाकून बघत. त्यांच्या स्वतःच्या गाडीत डावीकडे, ब्रेकच्या चाचणीत माणसाऐवजी ठेवतात तसलं, अडुसष्ट किलोचं एक पोतं पट्टा लावून बसलेलं असे. खंडेनवमीला सगळे यंत्रांना हार घालतात, मामा पोत्याला घालत आणि पुढ्यात कपभर चहा ठेवत. संध्याकाळी कप रिकामा असे. मामी म्हणायच्या, मुंग्या पीत असतील.

मी हौसेनं जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. तिचं इंजिन सीटच्या पाठीशीच. वजन मागे तर ब्रेकही मागेच मोठे हवेत, असं अक्कल पाजळून मी मागच्या चाकांना लालभडक ब्रेक बसवले आणि पुढचे तसेच ठेवले. ऐकून मामांचा चेहरा उतरला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामा पोतं घेऊन हजर झाले. मला हसू आलं. माझंही वजन तेवढंच, मीच बसतो म्हणालो. मामा बराच वेळ पोत्याकडे बघत राहिले, मग त्यांनी ते फुटपाथवर नीट टेकवून ठेवलं.

ऐंशीच्या वेगात त्यांनी ब्रेक दाबला. मागची चाकं आधी अडकली, गाडी गर्रकन फिरली, बंद कारखान्यांची फाटकं डोळ्यांपुढून सरकली. त्याच क्षणी कुणीतरी माझ्या छातीवर आडवा हात धरला. गाडी थांबली ती पोत्याकडे तोंड करून. मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"हात लागला ना, जावईबापू?" त्यांनी हळूच विचारलं. "माझा जोडीदार आहे तो. वीस वर्षांपूर्वी मीही मागचे ब्रेक असेच जास्त धरले होते. तो तुमच्या जागी बसला होता."

नंतर मामांनी पुढे मोठे ब्रेक लावले, मागचा जोर कमी केला. गाडी सरळ थांबू लागली.

मामा गेल्या वर्षी गेले. मामींनी पोतं माझ्याकडे पाठवून दिलं. दर गुरुवारी ते डावीकडे बसवून मी चाकणपर्यंत जाऊन येतो. हल्ली गाडी त्या बाजूला जरा जास्तच दबते. मामांची फार आठवण येते. मेकॅनिक म्हणतो, साहेब, एकदा पोतं वजनकाट्यावर टाका. मी टाकत नाही. अडुसष्टच भरलं तर मला करमणार नाही.